पोलिसांविरुद्ध तक्रार नाही

मल्हारराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर आले ते पादरा गावच्या कैदेतून. थोरले भाऊ खंडेराव यांच्या जिवावर उठल्याचा संशय 1863 मध्ये त्यांच्यावर आला आणि तेवढ्या संशयावर त्यांची सात वर्षं पादऱ्यात गेली. 28 नोव्हेंबर 1870 ला खंडेराव वारले आणि कालचा कैदी आजचा सरकार झाला. स्वतः कोठडीत राहून आलेल्या माणसाला कोठडीतल्यांची कणव असेल, असं आपल्याला उगाच वाटतं. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे लवकरच तुरुंगात गेले आणि तिथंच मेले. विष घातलं, अशी कुजबूज गावभर झाली.

मी रावपुऱ्याचा. टॉवरपासून कोठीकडे जाणारा रस्ता माझ्या पायाखालचा, आणि नोकरी सगळी फौजदारी कोर्टात, बेंच क्लार्क म्हणून. आमच्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींना मल्हाररावांच्या सोन्याच्या तोफा आठवतात, पाणीदार हिऱ्यांच्या गोष्टी आठवतात. माझं लक्ष मात्र जातं ते मल्हाररावांवरच्या 1875 च्या चौकशीत साक्षीला उभ्या केलेल्या नोकरमाणसांकडे. पकडलेल्याचा जबाब कसा तयार होतो, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलेलं आहे.

1873 मध्ये कर्नल फेअर इंग्रज सरकारचे रेसिडेंट होऊन आले. कैद्यांना भर रस्त्यात फटके मारतात, रयतेचा छळ होतो, असं त्यांनी मुंबईला कळवायला सुरुवात केली. कर्नल मीड यांचा आयोग बसला. तक्रारी बऱ्याचशा खऱ्या होत्या, त्यावर सफेदी फासायचं कारण नाही. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी 1875 च्या अखेरपर्यंत कारभार सुधारा, अशी मुदत दिली. दिवाणगिरीवर दादाभाई नौरोजी आले, पण त्यांचं आणि फेअरचं काही जमलं नाही.

मग 9 नोव्हेंबर 1874 ची सकाळ. फेअरसाहेबांचं रोजचं पपनसाचं सरबत. दोन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली, उरलेलं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ तपासला तेव्हा सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली म्हणतात.

तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन आले, त्यात अकबर अली हा नावाजलेला डिटेक्टिव्ह. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रेसिडेन्सीचा हवालदार रावजी मल्हाररावांच्या सांगण्यावरून विष घातल्याचं कबूल झाला. लगोलग जमादार नरसू कबूल झाला, आणि मग तो विहिरीत गेला. लोकांनी बाहेर काढला म्हणून वाचला. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, तीही अकबर अलीलाच, आणि तीही कबुली झाल्यानंतर. इतकी सोयीची पुडी आमच्या कोर्टात आली असती तर नवशिक्या वकिलानंही तिच्यावर दिवसभर उलटतपासणी घेतली असती.

सगळ्यात वजनदार साक्षीदार होता मल्हाररावांचा खासगी कारभारी दामोदरपंत. जानेवारी 1875 मध्ये महाराजांना पकडलं त्याच सुमारास त्यालाही धरलं. दोनेक आठवडे तो गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात होता. माफीचं आश्वासन मिळालं आणि तो बोलू लागला: सोमल कुठून आणला, हिरे कुठले, पैसे कोणत्या खात्यात लिहिले. उलटतपासणीत त्याच्या तोंडून निघालं की त्या पहाऱ्याला तो कंटाळला होता. त्याला कोणी हात लावल्याचं कागदावर नाही. पण माझ्या अनुभवात माणूस मोडायला हात लावावाच लागतो असं नाही.

मल्हाररावांचे वकील विलायतेहून आलेले सार्जंट बॅलंटाइन. त्यांचा सगळा रोख याच्यावर होता की पुरावा मुंबईच्या पोलिसांनी आपल्या ताब्यातल्या माणसांकडून घडवून घेतला. इंग्रजांनीच 1872 मध्ये पुराव्याचा कायदा केला होता. पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध चालणार नाही, आमिषानं किंवा धाकानं काढलेलीही चालणार नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं. आपल्या पोलिसांवर त्यांचा स्वतःचाच तेवढा विश्वास नव्हता. पण बडोद्यात बसलेलं हे कोर्ट नव्हतंच, आयोग होता.

सहा जणांचा आयोग. सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल यांनी आरोप सिद्ध मानला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि सर दिनकरराव यांनी मानला नाही. मीड तेच, आधीच्या आयोगात मल्हाररावांचा कारभार तपासणारे. हे त्या वेळी फारसं कोणाला खटकलं नसावं. तीन विरुद्ध तीन. एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला नेलं, पण जाहीरनाम्यात कारण दिलं गैरकारभाराचं. विषाचा आरोप असा अर्धवट सोडला की पोलिसांनी रावजी, नरसू आणि दामोदरपंतांना कसं वागवलं, याचा निवाडा करायची कोणालाच गरज उरली नाही. दरबारी जुलमाचा जाब गादी काढून घेऊन विचारला गेला. सूटर आणि अकबर अली यांना जाब विचारणारं कोणी बडोद्यात नव्हतं, मुंबईत नव्हतं, कलकत्त्यात नव्हतं.

शंभर वर्षांनी बडोद्याचं नाव पुन्हा देशभर झालं. मार्च 1976 मध्ये गुजरातचं बाबूभाई पटेलांचं सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली आणि त्याच महिन्यात इथं धरपकड सुरू झाली. पत्रकार किरीट भट्ट गेले, टाइम्सचे वार्ताहर विक्रम राव गेले. खाणीतलं डायनामाइट मिळवून रूळ आणि पूल उडवायचे आणि आणीबाणीचं सरकार खिळखिळं करायचं, हा आरोप. मुख्य आरोपी जॉर्ज फर्नांडिस. आज हा गुन्हा सरळ दहशतवादाच्या कायद्यात घातला असता. मी तेव्हा उमेदवार कारकून होतो. कोर्टातली मंडळी चहाच्या वेळीसुद्धा त्यावर बोलायची नाहीत.

28 एप्रिल 1976 ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. त्यानंतर तीन दिवसांनी बंगळुरूत जॉर्जच्या धाकट्या भावाला, लॉरेन्सला, पोलिसांनी उचललं. जॉर्ज कुठं आहे, एवढंच त्यांना हवं होतं. लॉरेन्स जगापुढे आले ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात, धड चालताही येत नव्हतं अशा अवस्थेत. त्यांच्या आई ॲलिस यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांनाही त्याच सुमारास पकडलं. दम्याच्या रोगी. जानेवारी 1977 मध्ये सोडलं आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

जॉर्ज जूनमध्ये कलकत्त्यात सापडले. सप्टेंबरमध्ये 25 जणांवर दिल्लीत आरोपपत्र दाखल झालं. मार्च 1977 मध्ये जॉर्ज तुरुंगातूनच मुझफ्फरपूरला निवडून आले, जनता सरकार आलं, खटला मागे घेतला गेला. त्याला एका वकिलानं आव्हान दिलं आणि 1980 मध्ये सुप्रीम कोर्टानं माघार योग्य ठरवली. बडोद्यात आनंदच झाला, मलाही झाला. पण कारकुनाच्या नजरेनं पाहिलं तर खटला चालायला हवा होता. तपास अधिकारी साक्षीच्या पिंजऱ्यात आले असते. कोणाला कुठं, किती रात्री ठेवलं, ठाण्याच्या डायरीत काय लिहिलं, हे शपथेवर विचारता आलं असतं. आरोप मागे गेले, त्यांच्याबरोबर हे प्रश्नही गेले. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी शहा आयोगाकडे होती. 1980 मध्ये इंदिरा गांधी परतल्या आणि त्याचे अहवाल बाजूला पडले.

पुढं कायदेच बदलले. 1872 पासून पोलिसापुढची कबुली चालत नव्हती. 1987 च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्यात ती पोलीस अधीक्षकापुढे चालू लागली. टाडा 1995 मध्ये संपला, 2002 मध्ये पोटा आला, त्यातही तीच सोय. फक्त एक अट घातली: कबुली दिलेल्याला 48 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे आणायचं, त्यानं छळाबद्दल ऐकून घ्यायचं, आणि आरोपीला पोलिसांकडे परत न देता न्यायालयीन कोठडीत पाठवायचं.

अशी अट कागदावरून माणसापर्यंत कशी पोचते ते सांगतो. रिमांडला आणलेल्या आरोपीला साहेब विचारतात, "पोलीस सामे कोई फरियाद छे?" आरोपीच्या एका कोपराला ज्यानं रात्रभर प्रश्न विचारले तोच हवालदार धरून उभा असतो, आणि संध्याकाळी त्याच्याचबरोबर जायचं असतं. आरोपी म्हणतो, "ना, साहेब." मी लिहितो: पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की शेवटी आरोपीकडे न बघताच लिहायचो. क्वचित एखादा शर्ट वर करायचा, मग डॉक्टरी तपासणीचा हुकूम व्हायचा आणि सगळ्यांना घरी जायला उशीर व्हायचा.

24 सप्टेंबर 2002 ला गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला, तीसहून जास्त माणसं मेली. वर्षभरानं काही जणांना पकडलं, पोटाखालच्या कबुल्यांवर शिक्षा झाल्या, काहींना फाशी. 16 मे 2014 ला, लोकसभेचे निकाल लागत होते त्याच दिवशी, सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. कबुल्या टिकल्या नाहीत. आरोपींना न्यायालयीन कोठडीऐवजी पुन्हा पोलिसांकडेच पाठवलं गेलं होतं, हेही न्यायमूर्तींनी नोंदवलं. तपास यंत्रणेवर त्यांनी कडक शब्द वापरले.

सुटलेल्यांनी भरपाई मागितली. 2016 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं ती विचारात घ्यायला नकार दिला: असा पायंडा पडला तर सुटणारा प्रत्येक जण भरपाई मागत येईल. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं 1997 मध्ये सही केली. तो मंजूर करून त्यासाठी कायदा करायचा म्हणून 2010 मध्ये लोकसभेनं विधेयक मंजूरही केलं होतं. पुढं राज्यसभेच्या समितीकडे गेलं आणि लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं.