तेलाचे फलाट आणि हेलिकॉप्टरची वाट

जून लागला की आपला मालवण-देवगडकडचा मच्छीमार होडी किनाऱ्यावर ओढून घेतो. मुंबई हायच्या तेलाला ही सवड नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तेथे तेल शोधले, २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले, आणि तेव्हापासून किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर भर पावसाळ्यातही माणसे राबत आहेत. त्यांची ने-आण जुहूहून हेलिकॉप्टरने होते.

फलाटावरची उतरण्याची जागा म्हणजे काही विमानतळ नव्हे. एका यंत्रापुरता चौथरा, कडेला जाळी, मध्ये वर्तुळात एच अक्षर. वर्तुळाच्या ३६० अंशांपैकी निदान २१० अंशांत तरी उंच अडथळा नसावा, असा दंडक आहे. उरलेल्या अंगाला क्रेन, मनोरे आणि जळत्या वायूची ज्योत असते. तिच्या गरम हवेने यंत्राची उचल घटते. म्हणून वैमानिक 'नाही' म्हणाला, तर त्याला कोणी भरीस घालू नये. परंतु तो 'नाही' म्हणाल्यावर फलाटावरच्या माणसांनी करायचे काय?

ता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी 'समुद्र सुरक्षा' जहाजावरच्या आचाऱ्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. पावसामुळे हेलिकॉप्टरे अडकली होती. तेव्हा जखमीला क्रेनच्या पाळण्यातून मुंबई हायच्या उत्तर फलाटावर चढवायचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाची क्रेन बंद होती, सबब जहाज वाऱ्याच्या तोंडाकडून आणले. जखमी सुखरूप वर पोहोचला; पण पुढच्याच लाटांनी जहाज फलाटाकडे लोटले, आणि त्याचा हेलिकॉप्टर उतरवण्याचा चौथराच वायूच्या उभ्या नळांवर आदळला! दोन तासांत फलाट जळून गेला. ३६२ माणसे वाचली, २२ गेली.

याला दैव म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. नळांपुढे कठडे होते, पण ते लहान पुरवठा-बोटींच्या धक्क्यापुरते. क्रेन बंद होती. आणि जहाजाच्या प्रेरक यंत्रांतही बिघाड होता. यांतले आभाळातून काय पडले?

इतर अपघातही थोडे नाहीत. ऑगस्ट २००३ मध्ये २७ जण बुडाले. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी रात्री उतरण्याच्या सरावात दोन वैमानिक गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूनजीक सातही जण दगावले. २८ जून २०२२ रोजी 'सागर किरण'जवळ यंत्र पाण्यात उतरले. नऊपैकी चार गेले, पाच वाचले.

पाण्यात पडलेले हेलिकॉप्टर बहुधा उलटे होते, कारण त्याचा भार वरच्या अंगाला असतो. अशा वेळी पट्टा लगेच सोडायचा नसतो. एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा, पंखे थांबू द्यायचे, मग पट्टा सोडून हाताच्या दिशेने निघायचे. ऐकून हे येत नाही. गोव्यात बेतूलला ६ फेब्रुवारी २०२४ रोजी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या नव्या केंद्राचे उद्घाटन झाले. तेथे ही तालीम देतात. आपल्या तालुक्यातली पोरे कंत्राटदाराकडून फलाटावर जातात. निघण्याआधी त्यांनी मजुरीचा दर जरूर विचारावा, पण त्याआधी ही तालीम कधी, आणि त्या दिवसांचा पगार कोण देणार, ते विचारावे.