गोधडी (वाकळ)

जुन्या कपड्यांचे थर हाताने टाचून केलेले अंथरूण-पांघरूण. विदर्भात वाकळ हा शब्दही चालतो. वऱ्हाडी बोलीत तिची ‘वाकय’ होते. नागपूर जिल्ह्यातील हिंगण्यासारख्या कापूसपट्ट्यात वेचणी आटोपली, की उन्हाळ्याच्या दुपारी ती शिवायला घेतात. वरखाली सुती लुगडे, मधे धोतर, सदऱ्यांचे तुकडे. दाभणाने घातलेला धावदोरा काठापासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे सरकतो. त्यामुळे कापडाला बारीक लाटा पडतात आणि थर सरकत नाहीत. टाका जितका दाट, तितकी ती टिकाऊ.

हे काम एकटीचे नाही. मोठी गोधडी अंगणात पसरून चौघीजणी चार बाजूंनी बसतात, एकमेकींचे टाके न्याहाळतात, ठिगळांची अदलाबदल करतात. कोणते ठिगळ कोणाच्या लुगड्याचे, हे घरातल्या बाईला पाठ असते. शिवण्याची खरी शाळा हीच. लेकी इथेच दाभण धरायला शिकतात.

नागपुरात 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचे कापड घरोघरी आले, तरी फाटके टाकून न देण्याची रीत टिकली. अलीकडे महिला बचत गट नव्या कापडाच्या गोधड्या विक्रीसाठी शिवतात. त्या देखण्या असतात; धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुताची ऊब मात्र वेगळीच.