बोटीची वेळ

आगगाडी चुकली तर दुसरी मिळे. विलायतेची डाकबोट चुकली की आठवडा गेला. मुदत हुकविणाऱ्या पक्षकाराची दशा आम्हां वकिलांस ठाऊकच आहे! २७ ऑगस्ट १९३१ रोजी सिमल्यास गांधीजी व व्हाइसरॉय विलिंग्डन यांची बोलणी एकदाची मिटली. गोलमेज परिषदेस नेणारी ‘राजपुताना’ बोट मात्र २९ तारखेस मुंबई सोडणार होती. तेव्हा सिमल्याहून कालक्यापर्यंत खास गाडी सोडण्यात आली, आणि पुढची गाडी गाठून गांधीजी वेळेवर धक्क्यावर पोचले. आढेवेढे घेणाऱ्या सरकारलाही अखेर एका बोट कंपनीचे वेळापत्रक पाळावे लागले, याची आम्हांस मौज वाटते. जिब्राल्टरचा वळसा टाळण्यासाठी पुष्कळ उतारू मार्सेल्सला उतरून आगगाडी धरीत. गांधीजीही ११ सप्टेंबरला तेथेच उतरले व १२ तारखेस लंडनला पोचले.