रक्ताचा वारसा : वाटाण्यापासून मुंबई रक्तगटापर्यंत

आमच्या ग्वाल्हेरात 'रक्ताचा वारस' हा शब्द जपून उच्चारावा लागतो. १८२७ साली दौलतराव शिंदे निवर्तले तेव्हा जनकोजीराव व १८४३ साली जनकोजीराव निवर्तले तेव्हा जयाजीराव, असे लागोपाठ दोन दत्तक येथील गादीवर आले. गादीचा वारसा विधीने देता येतो. शरीराचा वारसा कसा उतरतो, हे मात्र त्या काळी कोणासच उमगले नव्हते. दुधात पाणी मिसळावे तसे आईबापांचे गुण अपत्यात मिसळतात, अशीच विद्वानांचीही समजूत होती.

ती मोडणारा पुरुष आपल्यासारखाच एक धर्मगुरू होता, याचा आम्हांस वाटणारा अभिमान वाचकांनी क्षम्य मानावा. ऑगस्टिनियन संघाचे ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रून येथील मठाच्या बागेत कित्येक वर्षे वाटाण्याचे संकर केले आणि १८६५ साली त्यावरील निबंध वाचला. पिवळ्या व हिरव्या दाण्यांच्या संकरात पहिल्या पिढीचे सर्व दाणे पिवळे निघाले. दुसऱ्या पिढीत तिनास एक या प्रमाणात हिरवा दाणा परत आला. हिरवेपण विरले नव्हते, झाकले गेले होते. जगाने या निबंधाची दखल घेतली ती १९०० साली. मेंडेल १८८४ सालीच वारले होते.

१९०१ साली व्हिएन्नात लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखविले. तेही मेंडेलच्या नियमानेच उतरतात, असे पुढे सिद्ध झाले. दोघेही 'ओ' गटाचे असतील तर मूल 'ओ'च, हा नियम रूढ झाला.

त्या नियमास अपवाद सापडला तो मुंबईत. १९५२ साली डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया व त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. 'ए' व 'बी' ही द्रव्ये 'एच' नावाच्या पायावर रचली जातात. ज्याला आई व बाप या दोघांकडूनही 'एच'चे निकामी जनुक येते, त्याच्या रक्तात हा पायाच नसतो. मग 'ए'चे जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत रक्त 'ओ' दिसते. त्याच्या मुलास दुसऱ्या पालकाकडून 'एच' मिळाला, की झाकलेला 'ए' पुन्हा प्रकट होऊ शकतो.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे तीन चिठ्ठ्या घेऊन आले. ते स्वतः 'ओ', पत्नी 'ओ', मुलगा 'ए'. पत्नीस त्यांनी माहेरी धाडले होते. आम्ही गप्प राहिलो. शाळेत शिकलेला नियमच तेवढा आम्हांस ठाऊक होता. त्या मौनाचा अर्थ त्यांनी काय घेतला असेल, हे आठवले की आजही लाज वाटते. हा गट दुर्मिळ आहे, आणि चिठ्ठीतली साधी चूक त्याहून पुष्कळ अधिक आढळते, हे खरे. म्हणूनच फेरतपासणी आधी करावयाची. ती एका डॉक्टरांनी आग्रहाने करविली, 'एच'चीही परीक्षा केली, तेव्हा दोष गृहस्थांच्याच 'ओ'त निघाला. पत्नीस आणावयास ते स्वतः गेले. साधे 'ओ' रक्त त्यांना चालत नाही, केवळ मुंबई गटाचेच चालते, असे लिहिलेला कागद ते आता सतत खिशात बाळगतात.