उसन्या कार्डावर वाचलेली पुस्तके

महाविद्यालयात येईपर्यंत मी जी मराठी पुस्तके वाचली, त्यांत आमच्या वस्तीतला माणूस मला क्वचितच भेटला. भेटला तोही लेखकाच्या कणवेपुरता. त्याला भूक होती, पण मत नव्हते. पुढे वसतिगृहात एका वरच्या वर्गातल्या मित्राने रिचर्ड राइट यांचे ‘ब्लॅक बॉय’ माझ्या हाती ठेवले. १९४५ साली प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन मी शब्दकोश उघडा ठेवून वाचले. मेम्फिस शहरातल्या ग्रंथालयात काळ्या माणसाला स्वतःसाठी पुस्तक मागता येत नसे. तरुण राइट एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड उसने घेतो, त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहितो आणि आपण केवळ निरोप्या आहोत असे भासवून पुस्तके नेतो. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले. शाळेत संस्कृत शिकू न दिल्यामुळे फारसी घ्यावी लागलेले बाबासाहेब मला आठवले. देश वेगळा, भाषा वेगळी, पण ज्ञानाच्या दारावरचा पहारा तोच होता.

परक्या संस्कृतीची पुस्तके वाचल्याने मन विशाल होते, असे साहित्याचे प्राध्यापक सांगतात. ते खोटे नाही. परंतु आमच्या बाबतीत हे वाचन मनोरंजनाचे वा सुसंस्कृतपणाचे साधन कधीच नव्हते. त्याला मुक्तिलढ्याचा इतिहास आहे आणि तो तपासून पाहिला पाहिजे.

१८६५ साली अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी संपुष्टात आली. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ लिहिली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची अपेक्षा. शूद्रातिशूद्रांचे दुःख हे दैवाचे देणे नसून माणसांनी लादलेली गुलामी आहे, हे सांगायला जोतीरावांना जगाच्या दुसऱ्या टोकाचा दाखला उपयोगी पडला.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेम ही वस्ती विद्यापीठाला लागूनच. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे जाणाऱ्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या, कारण भारतातील अस्पृश्यही तसे पाऊल उचलण्याच्या विचारात होते. द्यु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर धाडले. येथे एक फरक ध्यानात घ्यावा. जोतीरावांची अर्पणपत्रिका गुलामांना सोडवणाऱ्यांना होती. बाबासाहेबांचे पत्र स्वतः लढणाऱ्याला होते.

मात्र बाबासाहेबांनी साम्याच्या मोहात पडून भेद पुसला नाही. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने तिची काळजी घेण्यात मालकाचा स्वार्थ तरी होता; अस्पृश्याला असा कोणी मालकही नाही, म्हणून त्याच्या जगण्यामरण्याची फिकीर कोणालाच नाही, अशी मांडणी त्यांनी केली. दुसऱ्याचे दुःख वाचताना ते आपल्यासारखेच आहे असे म्हणून थांबणे सोपे असते. ते कोठे वेगळे आहे हे शोधणे म्हणजे खरे वाचन.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेल्या ब्लॅक पँथरवरून. डॉ. म. ना. वानखडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याची ओळख मराठीला करून दिली. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्येच ‘अंकल टॉम्स केबिन’वर कठोर टीका केली होती. गुलामगिरीविरुद्ध जनमत जागवणारी ती १८५२ची कादंबरी, पण तिच्या भावविवशतेत काळ्या माणसाचे पूर्ण माणूसपण हरवते, असा त्यांचा आक्षेप होता. कणव म्हणजे न्याय नव्हे, हे आम्हीही मराठी कथा-कादंबऱ्यांविषयी अनुभवले होते.

पण आरसा दोन्ही बाजूंनी धरावा लागतो. द्यु बॉइस यांची ‘डार्क प्रिन्सेस’ ही कादंबरी १९२८ची. तिचा नायक मॅथ्यू हा वैद्यकीय विद्यार्थी. त्याला प्रसूतिशास्त्राचे प्रशिक्षण नाकारले जाते, कारण तेथे गोऱ्या स्त्रियांना काळ्या हातांचा स्पर्श होईल. स्पर्शाचे राजकारण इतके नेमके जाणणाऱ्या या लेखकाने भारताची प्रतिनिधी म्हणून कोणाला निवडले? एका संस्थानच्या राजकन्येला. तिचे नाव कौटिल्या! त्याच्या आदल्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, मनुस्मृती जाळली गेली होती. ज्याने आपल्याला बळ दिले, त्याच्याही पानावर तेव्हा आपण नव्हतो. दूरच्या माणसाला दुसऱ्याच्या समाजाचा वरचा थर आधी दिसतो.

हे मी वर्षानुवर्षे वर्गात जोर देऊन शिकवीत आलो. काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर पारधी समाजातली एक विद्यार्थिनी थांबली. माझी वाचनयादी तिने बाकावर ठेवली होती. ती म्हणाली, “सर, यात राइट आहेत, बाल्डविन आहेत, आपल्याकडचे मोठे लेखक आहेत. आमचं कोणी नाही का? आणि बायका?” मी यादी पाहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८०चे, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७चे. ही सगळी माझ्या कपाटात होती, यादीत नव्हती. टोनी मॉरिसन यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाल्याचे मी वर्गात सांगितले होते, त्यांची एकही कादंबरी लावली नव्हती.

मला कोणी रोखले नव्हते. पहारा मीच देत होतो.

मित्रहो, यादी दुरुस्त करणे हे एका दुपारचे काम होते, आणि ते मी केले. पण त्या मुलीला तोवर आपल्या माणसांविषयी वाचायला कोणाची तरी चिठ्ठी लागली असती, ही गोष्ट मनातून जात नाही. मेम्फिसच्या त्या पोराने कार्ड उसने घेतले, कारण ते दुसऱ्याच्या हातात होते. आज शाळा-महाविद्यालयांत, वसतिगृहांत, वाचनालयांच्या समित्यांवर आपली माणसे आहेत. काही कार्डे आता आपल्या हातात आहेत. रांगेत आपल्यामागे कोण उभे आहे, हे वळून पाहण्याची जबाबदारी आपलीच आहे.