ताकामात्सुझुका भित्तिचित्रे
जपानमधील नारा प्रांतातील आसुका येथे असलेल्या एका प्राचीन समाधी-टेकाडाच्या गर्भातील रंगीत चित्रे. ती सातव्या शतकाच्या अखेरची वा आठव्याच्या प्रारंभीची असून १९७२ च्या उत्खननात उजेडात आली. सु. २·६५ मी. लांब व जेमतेम १ मी. रुंद अशा दगडी दफनकक्षात, काही मिमी. जाडीच्या चुन्याच्या गिलाव्यावर स्त्री-पुरुषांचे समूह, दिशारक्षक प्राणी व छतावर नक्षत्रे रेखाटलेली होती. १९७४ मध्ये त्यांना ‘राष्ट्रीय ठेवा’ हा दर्जा मिळाला.

टेकाडातील कक्षाची हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असे. ती कोरडी करावी, तर सैल झालेला गिलावा सुकून गळून पडणार. ओली ठेवावी, तर बुरशी वाढणार, असा हा पेच होता. तज्ञांनी ओलावा राखणे पसंत केले. प्रवेशद्वाराशी तापमान-नियंत्रणाची यंत्रणा उभारण्यात आली आणि बुरशी दिसताच पॅराफॉर्माल्डिहाइडाची धुरी देण्यात येई. तथापि कक्षाचे तापमान वर्षागणिक वाढत गेले. २००१ मध्ये प्रवेशमार्गाची दुरुस्ती करताना निर्जंतुकतेची पुरेशी दक्षता घेतली गेली नाही व त्यानंतर बुरशीचा मोठा उद्रेक झाला. पश्चिम भिंतीवरील श्वेत व्याघ्राच्या रेषा तर इतक्या पुसट झाल्या, की त्याच्या अभ्यासासाठी १९७२ मधील छायाचित्रांचाच आधार घेणे इष्ट ठरते.

अखेर २००५ मध्ये मूळ जागीच जतन करण्याचे तत्त्व सोडून देण्यात आले. २००७ मध्ये कक्षाच्या १६ शिळा सुट्या करून बाहेर काढण्यात आल्या. नियंत्रित वातावरणाच्या कार्यशाळेत डाग काढण्याचे व गिलावा पक्का करण्याचे काम २०२० पर्यंत चालले. शिळा टेकाडात परत बसविलेल्या नाहीत.