नातेवाइकांच्या घरच्या कॉम्प्युटरसाठी मदरबोर्ड कोणता घ्यावा? समुद्राजवळच्या घरात काय पाहायचं?

प्रत्येक कुटुंबात 'कॉम्प्युटरमधलं कळणारं' कुणीतरी एक असतं. मावशीचा किंवा काकांचा कॉम्प्युटर बंद पडला की फोन त्यालाच जातो. दुकानदाराने 'मदरबोर्ड गेलाय' असं सांगून टाकलेलं असतं आणि नवा कोणता घ्यायचा, हे आता तुम्ही ठरवायचं असतं.

इथे गेमिंगवाल्यांचे व्हिडिओ फारसे कामाचे नाहीत. मावशीला वेग नको असतो. रोज सकाळी मशीन सुरू व्हावं, बँकेचं काम चालू असताना मध्येच रीस्टार्ट होऊ नये आणि नातवंडांचे फोटो जागेवर राहावेत, एवढंच तिचं मागणं असतं. स्थिर मदरबोर्ड म्हणजे हे करणारा बोर्ड. घर राजोडीसारख्या ठिकाणी असेल, तर प्रश्न आणखी थोडा बदलतो.

समुद्राच्या हवेने नेमकं काय होतं?

राजोडी हे वसई तालुक्यातलं, कळंब आणि अर्नाळ्याच्या मधलं किनाऱ्यावरचं गाव. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. कॅबिनेटचा पंखा हवा आत ओढतो, तेव्हा ते कण धुळीबरोबर बोर्डावर बसतात. हवा कोरडी असेपर्यंत ते फारसं नुकसान करत नाहीत. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून विरघळू लागतं. खारं पाणी वीज वाहून नेतं. मग दोन बारीक जोडांमध्ये नको तिथे प्रवाह जातो आणि तांब्यावर हिरवट थर धरतो.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ही आर्द्रता रोजचीच असते. त्यामुळे जूनमध्ये बरा चाललेला कॉम्प्युटर गणपतीपर्यंत रुसतो, यात नवल नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मशीन वापरात ठेवणं. चालू मशीनच्या उबेने आतला ओलावा टिकत नाही. पावसाळ्यात महिनाभर प्लास्टिकचं कव्हर घालून बंद ठेवलेलं मशीन जास्त लवकर खराब होतं. रोज तासभर तरी चालवावं, समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नये आणि जमिनीपासून वर ठेवावं. कॅबिनेटच्या मागची उघडी भोकंही पट्टी लावून बंद करावीत. वाडीतल्या घरात पाल आणि मुंग्या उबेसाठी आत शिरतात, आणि पाल एसएमपीएसमध्ये गेली तर तिच्याबरोबर मशीनही जातं.

बोर्ड खरंच गेलाय का?

नवा घेण्याआधी हे तपासाच, कारण पुष्कळदा दोष बोर्डाचा नसतो. घड्याळ दर वेळी मागे जात असेल, तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. ती नाण्याएवढी असते आणि अगदी स्वस्तात मिळते. मशीन बीप वाजवतं पण पडद्यावर काही येत नसेल, तर रॅम काढून तिचे सोनेरी टोक कोरड्या मऊ कापडाने पुसून परत बसवून पाहा. अचानक बंद होत असेल, तर दुसरा एसएमपीएस लावून पाहिल्याशिवाय बोर्डावर खर्च करू नका.

एच६१ आणि एच६१०: एका शून्याचा फरक

जुन्या ग्राहकांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. एच६१ हा इंटेलचा २०११ सालचा चिपसेट. त्यावरचे 'नवे' बोर्ड आजही स्वस्तात विकले जातात. बोर्ड नवा असला तरी तंत्र त्या काळचंच. एच६१० हा २०२२ सालचा. त्यावर इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. बिलावरचं ते शून्य नीट वाचा.

फरक महत्त्वाचा का? मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. विंडोज ११साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा किमान ८व्या पिढीचा प्रोसेसर लागतो. एच६१ त्यात बसत नाही. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकला जातो, त्यावर सुरक्षेचे अपडेट येणं थांबलेलं परवडत नाही. जुना प्रोसेसर वाचवण्यासाठी जुन्या प्रकारचा बोर्ड घेणं म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा तोच खर्च.

मग घ्यायचं काय?

साध्या घरगुती कामासाठी इंटेलचा एच६१० किंवा थोडा वरचा बी७६०, एएमडीचा हवा असेल तर ए५२० किंवा बी५५०. असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक या चारही कंपन्यांचे असे बोर्ड मिळतात. कंपनीवरून वाद घालण्यापेक्षा तिचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा.

प्रोसेसर निवडताना नावामागचं अक्षर पाहा. आय३-१२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, आय३-१२१००एफ मध्ये नाही. एफवाला घेतला तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लावेपर्यंत पडदा काळाच राहील. एएमडीमध्ये रायझन ५ ५६००जी हा ग्राफिक्ससह येतो. रॅम डीडीआर४ की डीडीआर५ हेही बोर्डावरून ठरतं, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

बोर्डाचं आयुष्य बऱ्याच अंशी कपॅसिटरवर ठरतं. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कपॅसिटर फुगून जगभर असंख्य बोर्ड गेले. एकट्या डेलने त्यापोटी २००५मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. आता चांगल्या बोर्डांवर घन कपॅसिटर असतात. द्रव इलेक्ट्रोलाइटच्या कपॅसिटरचा ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांवर ५,००० तास टिकणारा ६५ अंशांवर ८०,००० तासांच्या आसपास जातो. म्हणून साधा, कमी तापणारा प्रोसेसर हाच बोर्डाचा मित्र.

बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंगच्या वाटेला जाऊ नका, रॅमचं एक्सएमपीही बंदच राहू द्या. बायोसचं अपडेट मात्र बसवतानाच करून घ्या. एच६१० बोर्ड जुन्या स्टॉकचा असेल, तर १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर तो अपडेटशिवाय ओळखत नाही. याच पिढ्यांच्या ताकदवान प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास झाला. २०२४मध्ये इंटेलला तो बायोसमार्गेच आवरावा लागला.

लाइट गेली तर?

वादळवाऱ्यात किनाऱ्यावरची वीज जाते-येते. जाण्यापेक्षा येताना बसणारा झटका वाईट. ६०० व्हीएचा साधा यूपीएस आणि नीट अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट, हे दोन्ही बोर्डाच्या बजेटमध्येच धरा. दोन हजार कमी असतील, तर महागडा बोर्ड सोडा, यूपीएस सोडू नका.

खरेदी आणि वॉरंटी

लॅमिंग्टन रोडला जायचं तर ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. ऑनलाइनही चालेल, पण पक्कं बिल हवं आणि त्यावर सिरियल नंबर हवा. नामांकित बोर्डांना भारतात सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. गंजलेला बोर्ड मात्र तीत सहसा धरत नाहीत, आणि इंटेलच्या सॉकेटमधल्या वाकलेल्या पिनाही नाहीत. म्हणून दुकानातच सॉकेटवरचं झाकण उघडून पिनांचा फोटो काढा आणि ते प्लास्टिकचं झाकण बॉक्समध्ये जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लागतं.